चिठ्ठी, पाळी आणि गाव : शर्ली जॅक्सन यांच्या 'द लॉटरी' या कथेचे एक वाचन

१

एम. ए.च्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी गेली काही वर्षे मी शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' ही कथा शिकवीत आले आहे. कथा वाचायला घेण्यापूर्वी केवळ शीर्षक फळ्यावर लिहून कथानकाचा अंदाज एका वाक्यात लिहायला सांगण्याचा माझा प्रघात आहे. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. गरीब माणसाला तिकीट लागते, ते हरवते, किंवा पैसा आल्यावर भावाभावांत वितुष्ट येते. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली आणि 'लॉटरी लागली' हा प्रयोग अनपेक्षित लाभाच्या अर्थाने मराठीत असा काही रुजला की त्या शब्दाला दुसरी बाजू असू शकते हे आपल्या ध्यानीमनीही राहिले नाही. मूळ इंग्रजी वाचकाचीही गत यापेक्षा फारशी निराळी नव्हती. कथेचा पहिला सापळा शीर्षकातच लावलेला आहे.

ही कथा 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाच्या २६ जून १९४८च्या अंकात प्रसिद्ध झाली. कथेतील सोडत २७ जूनला होते. म्हणजे वाचकाच्या हाती अंक पडला तो बरोबर त्याच दिवसांत. जॅक्सन (१९१६-१९६५) त्या वेळी व्हरमाँट राज्यातील नॉर्थ बेनिंग्टन या लहानशा गावी राहत होत्या. कथेवर आलेल्या पत्रांची हकिकत त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितली असून त्यांच्या मृत्यूनंतर १९६८मध्ये निघालेल्या संग्रहात ते व्याख्यान समाविष्ट आहे. त्या उन्हाळ्यात त्यांना तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांपैकी आपुलकीची फक्त तेरा होती आणि तीही बहुतेक स्नेह्यांची. त्यांच्या आईलासुद्धा कथा रुचली नव्हती. पत्रांत गोंधळ होता, तर्क होते, उघड शिवीगाळ होती. परंतु जॅक्सन यांना सर्वांत अस्वस्थ केले ते निराळ्याच पत्रांनी. अशा सोडती नेमक्या कोणत्या गावी होतात, आणि तेथे जाऊन त्या पाहता येतील काय, अशी विचारणा काही वाचकांनी केली होती.

आपल्याकडे, निदान माझ्या पाहण्यात, या कथेचे वाचन एका ठरीव साच्यात होते. 'अंधश्रद्धेवर प्रहार करणारी कथा' किंवा 'क्रूर ग्रामरूढीचे भेदक चित्रण' अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे आढळतात. ती सर्वस्वी चूक आहेत असे नाही. परंतु रूढी हा शब्द उच्चारला की प्रश्न सुटला असे आपण समजतो, आणि त्या रूढीचा भार कोणावर, किती आणि कशा रीतीने पडतो हा खरा वाङ्मयीन आणि सामाजिक प्रश्न विचारायचा राहून जातो. क्रौर्याइतकेच क्रौर्याच्या वाटपाकडे लक्ष दिले तर ही कथा काय सांगू लागते, आणि मराठी वाचकाच्या अनुभवाशी ती कोठे जुळते व कोठे अजिबात जुळत नाही, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

कथेचा आशय थोडक्यात असा. तीनशे वस्तीच्या गावात जून महिन्यातील एका लख्ख सकाळी पोस्ट आणि बँक यांच्यामधल्या चौकात लोक जमू लागतात. आधी मुले येतात. शाळेला नुकतीच सुट्टी लागली आहे. मुले गोटे वेचून खिशात भरतात, एका कोपऱ्यात त्यांचा ढीग रचतात. मग पुरुष येतात आणि पाऊसपाणी, पेरणी, ट्रॅक्टर, कर असल्या गोष्टी बोलतात. मागून बायका येतात. कोळशाचा व्यापार करणारे मिस्टर समर्स काळी पेटी घेऊन येतात, पोस्टमास्तर मिस्टर ग्रेव्हज तिच्यासाठी तिपाई आणतात. प्रत्येक घराचा कर्ता पुरुष एकेक चिठ्ठी काढतो. चिठ्ठी बिल हचिन्सनच्या घरावर निघते. त्याची बायको टेसी, जी भांडी घासण्याच्या नादात आजचा दिवसच विसरून उशिरा आली होती, ती तक्रार करू लागते. मग त्या घरातल्या पाच जणांसाठी पुन्हा पाच चिठ्ठ्या पेटीत पडतात. काळा ठिपका टेसीच्या चिठ्ठीवर असतो. गावकरी दगड उचलतात.

दगड कशासाठी आहेत हे निवेदक शेवटपर्यंत सांगत नाही, मात्र ते दाखवतो पहिल्या पानावरच. ही कथा दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला जो धक्का बसतो तो पहिल्या वाचनातील धक्क्याहून अधिक खोल असतो, याचे कारण यात आहे. दगड समोर होते आणि आपण ते मुलांचा खेळ समजून ओलांडून गेलो. पुरुष त्या ढिगापासून जरा दूर उभे राहतात, विनोद करतात पण मोठ्याने हसत नाहीत, हेही निवेदकाने नोंदवलेले असते. तो काहीच लपवत नाही. तो फक्त कशाचाही अर्थ सांगत नाही. मराठी समीक्षेत 'तटस्थ निवेदन' हा गुणवाचक शब्द म्हणून वापरण्याची सवय आपल्याला जडली आहे. येथे तटस्थता हा गुण आहे की तोही त्या गावाचाच एक रहिवासी आहे, असा प्रश्न पडतो. निवेदकाचे लक्ष कशावर आहे पाहा. सोडत दोन तासांच्या आत आटोपते, म्हणजे दुपारच्या जेवणाला लोक घरी पोचतात. मोठ्या गावांना दोन दिवस लागतात म्हणून तिथे ती एक दिवस आधी सुरू करावी लागते. पायाला दुखापत झालेल्या गावकऱ्याची चिठ्ठी कोणी काढायची याची रीतसर चौकशी होते. निवेदकाची सारी आस्था व्यवस्थेविषयी आहे, आणि ती आस्था नकळत वाचकाच्याही अंगवळणी पडते. पाचवी चिठ्ठी उघडेपर्यंत आपणही कोणाची निघणार एवढेच पाहत असतो. काय निघणार हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

पेटीविषयीचा परिच्छेद तर रूढी या संकल्पनेचे भाष्यच म्हणता येईल. मूळ पेटी केव्हाच हरवली. आताची पेटी जुन्या पेटीच्या काही तुकड्यांतून केली असे सांगतात. ती कडेने फुटली आहे, रंग उडाला आहे. नवी करावी असे दरवर्षी बोलले जाते आणि दरवर्षी राहून जाते. वर्षभर ती कधी कोणाच्या कोठारात, कधी पोस्टात पायाखाली, कधी वाणसामानाच्या दुकानातल्या फळीवर पडून असते. लाकडाच्या चकत्या जाऊन कागदाच्या चिठ्ठ्या आल्या, कारण गाव वाढले. पूर्वी म्हणत तो मंत्रवजा पाठ आणि अभिवादन लोप पावले. अधिकाऱ्याने ते म्हणताना उभे राहायचे की लोकांतून फिरायचे याबद्दलही एकमत नाही. विधीतले जवळजवळ सगळे गळून पडले. दगड तेवढे लोकांच्या स्मरणात राहिले, अशी नोंद निवेदक अगदी सहज करून जातो. परंपरा जतन करणे म्हणजे वास्तविक काय जतन करणे, याचे इतके नेमके उत्तर एखाद्या समाजशास्त्रीय ग्रंथातही क्वचित सापडेल. सत्याहत्तराव्यांदा सोडतीला उभा राहिलेला म्हातारा वॉर्नर या सोडतीचा धान्याच्या पिकाशी संबंध असल्याचे एक जुने म्हणणे आठवतो, तेवढाच काय तो कारणाचा अवशेष. जॅक्सन यांचे पती स्टॅन्ली एडगर हायमन हे पुराणकथा आणि विधी यांचे अभ्यासक होते, त्यामुळे फ्रेझरच्या 'गोल्डन बाउ'मधील बळीच्या कल्पनांशी ही कथा जोडण्याची प्रथा समीक्षेत पडली आहे. ती वाट मळलेली असल्याने येथे तिच्याकडे वळत नाही.

३

हातातली कथा बाजूला ठेवून आपल्या ओळखीच्या एका कथेकडे पाहू. महाभारताच्या आदिपर्वात एकचक्रा नगरीतील बकासुराची कथा आहे. बकाला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पोचवायचा. प्रत्येक घरावर क्रमाने पाळी येते. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले आहेत त्याच्यावर ती येते, आणि घरात रडारड सुरू होते. आपण ही कथा लहानपणी भीमाच्या खादाडपणाची म्हणून ऐकलेली असते, त्यामुळे तिचा हा पूर्वभाग सहसा कोणी लक्ष देऊन वाचत नाही. तो वाचण्यासारखा आहे.

त्या घरात नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. शेवटी नीट बोलताही न येणारा लहान मुलगा हाती गवताची काडी घेऊन सांगतो की मी हिने त्या राक्षसाला मारीन. रडणारी माणसे क्षणभर हसतात. आता हचिन्सनच्या घराकडे पाहा. चिठ्ठी घरावर निघाल्याबरोबर टेसी ओरडून सांगते की लग्न झालेली मुलगी आणि जावई यांनाही चिठ्ठी काढायला लावा. चिठ्ठ्यांची संख्या वाढली म्हणजे तिची स्वतःची शक्यता कमी होते. लहानग्या डेव्हीची चिठ्ठी कोरी निघाल्यावर जमाव सुटकेचा नि:श्वास टाकतो. थोरली दोन मुले आपापल्या कोऱ्या चिठ्ठ्या डोक्यावर धरून हसतात, वास्तविक उरलेल्या दोन चिठ्ठ्या आईच्या आणि वडिलांच्या आहेत. आणि अखेरीस कोणीतरी त्या डेव्हीच्याही हातात चार खडे देते. गवताची काडी धरलेला तो मुलगा आणि खडे धरलेला हा मुलगा या दोन चित्रांमधले अंतर हेच माझ्या मते या दोन कथांमधले अंतर आहे. पहिल्या मुलाच्या डोळ्यांसमोर राक्षस आहे. दुसऱ्यासमोर आई आहे.

बकासुराच्या कथेत राक्षस गावाबाहेर असतो. म्हणून भीम येऊ शकतो. जॅक्सन यांनी राक्षसच काढून टाकला. पाळी ठेवली, गाडा ठेवला, माणूस ठेवला, पण खाणारा कोणी ठेवला नाही. अशा गावात भीमाने येऊन मारायचे तरी कोणाला?

आदिपर्वातला आणखी एक तपशील पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. तो ब्राह्मण आपली अगतिकता सांगताना म्हणतो की दुसरा एखादा माणूस विकत घेऊन त्याला पाठवावे तर माझ्यापाशी तेवढे धन नाही. म्हणजे ज्याच्यापाशी धन असेल त्याला आपल्या घरची पाळी दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत असावी. व्यासांनी हे वाक्य ओघात घातले आहे. परंतु पाळीची समानता कोठे मोडते ती जागा त्यांनी बरोबर दाखवून ठेवली आहे.

४

चार वर्षांपूर्वी ही कथा वाचून झाल्यावर वर्गात नेहमीप्रमाणे चर्चा चालू होती. माणूस स्वभावतःच क्रूर आहे, जमाव विवेकहीन असतो, असे मुद्दे येत होते. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, जो एरवी फारसे बोलत नसे, उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, या गावात समर्सचंही नाव पेटीत आहे. आमच्या गावात असतं तर पाटलाचं नाव पेटीत नसतं." तो खाली बसला. त्याच्या आज्याने येसकरपाळी केली होती हे मला नंतर कळले. मी त्या दिवशी तास पाच मिनिटे लवकर सोडला, कारण मजजवळ उत्तर नव्हते. हा लेख पुष्कळ अंशी त्या वाक्याचे ऋण आहे.

अमेरिकन समीक्षेनेही सत्तेचा प्रश्न या कथेला विचारला आहे. पीटर कोसेन्को यांनी १९८५ साली केलेल्या मार्क्सवादी वाचनात पेटी कोणाच्या हाती आहे याकडे लक्ष वेधले. कोळशाचा व्यापारी, पोस्टमास्तर, दुकानदार अशी ती गावातली वजनदार माणसे आहेत. काळा ठिपकाही समर्स यांनीच आदल्या रात्री आपल्या कचेरीत बसून पेन्सिलीने काढलेला असतो. हे निरीक्षण मोलाचे आहे. तरीदेखील कथेची संहिता सांगते की समर्स आणि ग्रेव्हज स्वतः चिठ्ठी काढतात आणि ती उघडेपर्यंत त्यांचाही जीव टांगणीला असतो. सर्वांनी सारखाच धोका पत्करला आहे असे एक गावकरीण टेसीला सुनावते, आणि त्या गावापुरते ते खरे आहे. या कथेतील भयाचे मूळ त्या समानतेत आहे.

मराठी मुलखातल्या गावाला असली समानता माहीत नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावाच्या कामांची वाटणी सविस्तर नोंदलेली आहे. त्या वाटणीत चिठ्ठी नव्हती, पाळी होती, आणि ती पाळी फक्त महारवाड्यातल्या घरांतून फिरत असे. ज्याची पाळी त्याने त्या मुदतीत सरकारी माणसांच्या पुढे धावायचे, निरोप पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, बेवारशी प्रेतांची राखण करायची. मोबदला म्हणून बलुते आणि घरोघर मागायची भाकरी. महारवाड्याच्या आत ही व्यवस्था सोडतीइतकीच नि:पक्षपाती होती. आज या घरावर, पुढे त्या घरावर. परंतु वेशीच्या आतल्या घरांच्या चिठ्ठ्या त्या पेटीत कधी पडल्याच नाहीत.

शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनात या पाळीचा एक प्रसंग आहे. विहिरीत प्रेत सापडते. राखण तराळाकडे, आणि त्या वेळी पाळी असते खरातांच्या वडिलांची. पुढे पोलीस येतात आणि प्रेत काढण्यासाठी विहिरीत उतरण्याचे कामही त्यांच्याच अंगावर टाकले जाते. एरवी ज्याच्या स्पर्शाचा पाण्याला विटाळ होतो त्यालाच आता त्या पाण्यात उतरायचे आहे, आणि काठावर उभा असलेला मुलगा ते पाहतो आहे. जॅक्सन यांच्या कथेशेजारी हा प्रसंग ठेवून वाचला म्हणजे निवेदनाच्या जागेचा प्रश्न एकदम स्पष्ट होतो. जॅक्सन यांचा निवेदक चौकात, दगडांच्या ढिगापासून अदबशीर अंतरावर उभा आहे. खरातांचा निवेदक विहिरीच्या काठावर आहे आणि दोर ज्याच्या भरवशावर सुटला आहे तो त्याचा बाप आहे. पहिल्याला तटस्थ राहता येते. दुसऱ्याने तटस्थ राहावे अशी अपेक्षा करणारी समीक्षा आपल्याकडे दीर्घकाळ झाली आणि दलित आत्मकथनांना 'कलात्मक अंतरा'च्या अभावाचा दोष देत राहिली. ते अंतर किती पुरुष लांबीचे असावे हे मात्र कोणी सांगितले नाही.

आणखी एक भेद आहे. जॅक्सन यांच्या गावात बळी जाणारे माणूस सकाळपर्यंत गावाचेच असते. टेसी उशिरा येते तेव्हा लोक तिची थट्टा करतात, वाट करून देतात. श्रीमती डेलाक्रॉय तिच्याशी सलगीने बोलते आणि काही वेळाने दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा धोंडा तीच उचलते. म्हणून ही कथा अमेरिकन वाचकाला विश्वासघातासारखी वाटली. आपल्या गावात विश्वासघाताचा प्रश्न उद्भवत नाही, कारण विश्वासाचा करारच झालेला नव्हता. नावे जन्मापूर्वी निघालेली होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले त्यात गावकीच्या कामांचा हा जन्मसिद्ध जुलूम हाच मुद्दा होता. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला तो १९५८ साली, म्हणजे 'द लॉटरी' प्रसिद्ध झाल्यावर दहा वर्षांनी. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. परंतु ज्या उन्हाळ्यात अमेरिकन वाचक अशी गावे कोठे आहेत म्हणून पत्रांतून विचारीत होते, त्याच उन्हाळ्यात माणदेशात कोणा ना कोणा घरावर पाळी चालू होती, हे लक्षात ठेवून ती पत्रे वाचली की त्यांतला भाबडेपणा आपल्याला परवडत नाही.

५

स्टीव्ह अॅडम्स या पात्राकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. चिठ्ठ्या निघत असताना हाच गृहस्थ म्हाताऱ्या वॉर्नरला सांगतो की उत्तरेकडच्या गावात सोडत बंद करण्याचे बोलणे चालू आहे. त्याची बायको भर घालते की काही ठिकाणी ती बंदही झाली आहे. वॉर्नर संतापतो, तसल्या लोकांना उद्या पुन्हा गुहांत राहायचे असेल असे काहीबाही बडबडतो. वाचकाला हायसे वाटते, गावात निदान एक शहाणे जोडपे आहे. आणि शेवटच्या परिच्छेदात जमाव पुढे सरकतो तेव्हा सर्वांच्या पुढे असतो तो स्टीव्ह अॅडम्स. लेखिकेने त्यावर एक शब्द खर्च केलेला नाही.

आपल्या भाषेत या माणसाला नाव आहे. 'बोलके सुधारक' हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातील मराठी वादविवादांनी घडवला तो याच जातीच्या माणसांसाठी. अॅडम्स खोटे बोलत नाही. शेजारचे गाव सुधारत असल्याची बातमी तो खऱ्या औत्सुक्याने देतो. फक्त ती बातमी आहे, त्याचा निर्णय नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र अधिनियम केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करावा लागला याचाच अर्थ असा की एका घराशी सर्वांनी मिळून व्यवहार तोडण्याची रीत एकविसाव्या शतकापर्यंत टिकून होती, आणि त्या सर्वांत उत्तरेकडच्या गावची बातमी ठाऊक असलेले लोकही असणारच. बहिष्कारात दगड लागत नाही. बैठकीला हजर राहणे आणि नंतर शेजाऱ्याच्या दाराकडे न पाहणे एवढे पुरते.

६

गेल्या वर्षी अभ्यासाचा भाग म्हणून वर्गाने या कथेच्या अखेरच्या दोन पानांचा मराठी अनुवाद करून पाहिला. शीर्षकासाठी 'सोडत' हा शब्द बहुतेकांना पटला. लॉटरी काढण्याला सोडत म्हणतातच, शिवाय त्यात 'सोडणे' आहे. दोनशे नव्व्याण्णव माणसांना सोडणारी ती सोडत. अडचण आली ती टेसीच्या तक्रारीपाशी. तिचा नवरा चिठ्ठी काढतो तेव्हापासून जीव जाईपर्यंत ती पुन:पुन्हा एकच म्हणते की हे 'फेअर' नाही.

या शब्दासाठी पहिल्या फेरीत सर्वांनी 'अन्याय' लिहिले होते. 'हा अन्याय आहे' असे टेसीच्या तोंडी घातले की ती बंडखोर स्त्री होते, आणि वाचक तिच्या बाजूने उभा राहतो. परंतु ती पहिल्यांदा नेमके काय म्हणते ते पाहिले पाहिजे. बिलला चिठ्ठी निवडायला पुरता वेळ दिला नाही, एवढीच तिची तक्रार आहे. तिचा आक्षेप सोडतीवर नाही, सोडत कशी पार पडली यावर आहे. दुसऱ्या कोणाची चिठ्ठी निघाली असती तर तिने आपली भांडी तशीच टाकून दगड उचलला असता, याविषयी कथेत संशयाला जागा नाही. मग एका विद्यार्थिनीने, तिचे माहेर कोकणातले, 'हे रीतीला धरून नाही' असा पर्याय सुचवला. खेड्यात तक्रार याच शब्दांत होते. रूढीविरुद्ध बोलायलाही भाषा रूढीचीच हाताशी असते. हा अनुवाद ऐकून वर्ग थोडा वेळ गप्प होता.

पहिल्या दोन-तीन ठिकाणी आम्ही तो कायम केला. प्रश्न उरला अगदी शेवटच्या उद्गाराचा. एक दगड तिच्या डोक्याला लागून गेला आहे, ती मोकळ्या जागेत मधोमध हात पुढे करून उभी आहे, आणि तेच म्हणते, त्याला जोडून हे योग्य नाही असेही म्हणते. त्या क्षणी ती अजून रीतीबद्दलच बोलते आहे की तिला तिच्या पलीकडचे काही दिसले आहे? निम्म्या वर्गाचे म्हणणे पडले की तिथे 'अन्याय' हाच शब्द हवा, माणसाला मरताना तरी तेवढे कळू द्यावे. उरलेल्यांचे म्हणणे असे की तिला कळले असे दाखवणे म्हणजे लेखिकेने जे दिलेले नाही ते आपण पदरचे देणे. ज्या विद्यार्थ्याने पाटलाचे नाव काढले होते तो आता संशोधनासाठी आमच्याच विभागात आहे. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की आमच्या घरात दुसरा शब्द फार उशिरा आला, आजोबा शेवटपर्यंत पहिलाच वापरीत.

हस्तलिखितात त्या जागी दोन्ही पर्याय एकाखाली एक लिहिलेले आहेत. एकही अद्याप खोडलेला नाही.